झाकलेली बाटली

बाटलीवरचे लेबल वाचून वाइन पिणारा मनुष्य आणि ते झाकून पिणारा मनुष्य एकच असला, तरी त्याची जीभ दोन्ही वेळा एकच असते असे नाही. युरोप-अमेरिकेत मित्रमंडळींच्या बैठकीत हा अनुभव हौसेने घेतला जातो. यजमान तांबड्या वाइनच्या सहा बाटल्या आणतो, प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत कागदात गुंडाळतो, तिच्यावर क्रमांक घालतो आणि प्रत्येक पाहुण्यापुढे सहा पेले मांडतो. कोणत्या क्रमांकाखाली काय आहे ते ओळखावयाचे आणि त्यांतली सर्वांत चांगली कोणती तेही सांगावयाचे. नाशिक आणि बंगळूरकडील द्राक्षमळ्यांतून वाइन निघू लागल्यापासून आपल्या शहरांतील काही घरांतही हा खेळ आला आहे. वरवर पाहता तो निरुपद्रवी आहे. पण कागद सुटू लागले म्हणजे एखाद्या पाहुण्याचा चेहरा उतरतो, आणि तो बहुधा त्या मंडळीतील जाणकाराचा असतो.

अशा प्रत्येक मंडळीत एक जाणकार असतोच. त्याला कोणी सनद दिलेली नसते. चार पुस्तके वाचून, दोन परदेशवाऱ्या करून आणि मुख्यतः इतरांपेक्षा थोड्या अधिक आत्मविश्वासाने बोलून त्याने ती प्रतिष्ठा मिळवलेली असते. हॉटेलात पेयांची यादी त्याच्या हाती दिली जाते आणि त्याच्या शब्दावर मित्रांनी पैसे खर्च केलेले असतात. लेबल झाकले की ही सारी पुण्याई एका संध्याकाळी पणाला लागते. ज्यांना वाइनशी कर्तव्य नाही, त्यांनी आंब्याचे उदाहरण घ्यावे. देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस डोळे मिटून ओळखू, असे म्हणणारे कोकणी गृहस्थ गल्लोगल्ली भेटतात. पेटीवरचे नाव झाकून आणि दोन्ही फोडी एकाच बशीत ठेवून त्यांची परीक्षा घेणारा मात्र क्वचित भेटतो, कारण तसे करण्याने स्नेहसंबंध बिघडतात हे सर्वांना ठाऊक असते.

तांबडी वाइन ओळखणे कठीण का, हे समजण्यासाठी ती कशी होते हे थोडे पाहिले पाहिजे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग असतो सालीत. म्हणून तांबडी वाइन करताना रस सालींसह आंबवतात, आणि त्या मुदतीत रंगाबरोबर सालींतला व बियांतला तुरटपणाही रसात उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा घेतल्यावर जीभ जशी आवळल्यासारखी होते, तोच हा गुण. कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची साल जाड आणि दाणा लहान, म्हणून तिची वाइन गडद आणि तुरट. पिनो न्वारची साल पातळ, म्हणून तिची वाइन फिकी आणि मृदू. इतके सरळ असते तर कोणीही ओळखू शकला असता. परंतु द्राक्ष उन्हाळी प्रदेशात अधिक पिकते, साखर वाढते, मद्यार्क वाढतो. ओकच्या नव्या पिंपात वर्षभर ठेवले की व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या लाकडाचा वास येतो. दहा वर्षे बाटलीत राहिली की तुरटपणा निवतो आणि रंग विटेकडे झुकतो. म्हणजे पेल्यात एकाच वेळी द्राक्षाची जात, जमीन, हवामान, कारागीर आणि काळ हे पाचही जण बोलत असतात, आणि त्यांपैकी कोणता आवाज कोणाचा हे जिभेला सांगावयाचे असते.

खेळ सरळ चालावा यासाठी काही पथ्ये आहेत. ओतणाऱ्याला क्रमांकांचे गुपित माहीत असेल तर त्याच्या भुवयांवरून पाहुण्यांना सुगावा लागतो, म्हणून बाटल्या एकाने गुंडाळाव्यात आणि क्रमांक दुसऱ्याने घालावेत. पेला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरू नये, म्हणजे तो फिरवून वास घेता येतो. उष्णता साधारण सोळा ते अठरा अंश असावी. तांबडी वाइन खोलीतल्या उष्णतेला प्यावी, हा जो नियम पुस्तकांत सापडतो तो युरोपातील जुन्या गारठलेल्या खोल्यांना अनुलक्षून केलेला आहे. मे महिन्यातील नागपूरची खोली त्यात अभिप्रेत नाही. घोट घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवावे. ज्यांना ते असभ्य वाटते त्यांचे चौथ्या पेल्यानंतरचे मत हिशोबात धरू नये.

या सर्वांहून महत्त्वाचे पथ्य मौनाचे आहे. सर्वांची मते कागदावर उतरून कागद गोळा होईपर्यंत कोणी बोलू नये. पहिल्याने तोंड उघडून "याला काळ्या मिरीचा वास आहे" असे म्हटले की उरलेल्या सातही जणांना मिरी सापडते. तो पहिला जर जाणकार असेल तर ती मिरी तेथे नसली तरी सापडते. मित्रांच्या बैठकीत हे पथ्य सर्वांत आधी मोडते, आणि ते मोडले की झाकलेल्या बाटल्यांचा काही उपयोग उरत नाही. लेबलाच्या जागी मित्राचा शब्द आलेला असतो, एवढाच फरक.

आता ओळखण्याचा हिशोब पाहू. सहा नावे आणि सहा क्रमांक यांच्या जोड्या 720 प्रकारांनी लावता येतात. सर्व सहा योगायोगाने बरोबर येण्याचा संभव 720 मध्ये एक. मात्र डोळे मिटून जोड्या लावणाऱ्याच्याही सरासरीने एक जोडी बरोबर येतेच. तेव्हा "बाकी चुकले, पण बोर्दो मी पकडली" असे अभिमानाने सांगणाऱ्या मित्राने नाणे उडवणाऱ्यापेक्षा अधिक काही केलेले नसते. उलट ज्याची एकही जोडी जमली नाही त्यानेही खट्टू होऊ नये. 720 पैकी 265 प्रकारांत हेच व्हावयाचे असते, म्हणजे दहा पाहुण्यांत तिघा-चौघांवर नुसत्या दैवगतीनेच ही पाळी येते.

अशा हिशोबाला शास्त्राचे रूप मिळाले ते वाइनवरून नव्हे, चहावरून. 1920 नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते. तेथे शैवालांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. म्युरिएल ब्रिस्टल या विदुषींनी एकदा चहाच्या वेळी सांगितले की, दूध आधी घातले की चहा आधी ओतला हे त्यांना चवीवरून कळते. सहकाऱ्यांना गंमत वाटली आणि तेथल्या तेथे परीक्षा ठरली. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फिशरांनी नाव न घेता हाच प्रयोग उदाहरण म्हणून मांडला: आठ पेले, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर निवडण्याचा संभव सत्तरात एक. विदुषी त्या परीक्षेत पूर्ण उतरल्या असे पुढे सांगितले गेले. विशेष लक्षात घेण्याजोगे हे की, कोणता चहा अधिक चांगला, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. दोहोंतला भेद कळतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

वाइनच्या बैठकीत नेमका हाच विवेक सुटतो. वस्तू ओळखणे निराळे आणि ती आवडणे निराळे. खेळात मात्र दोन्ही प्रश्न एकाच कागदावर, एकाच पेन्सिलीने सोडवले जातात. मग जो तो आधी ओळखण्याचा प्रयत्न करतो आणि जी ओळखली असे वाटते तिच्या कीर्तीप्रमाणे तिला गुण देतो. लेबल बाटलीवरून काढलेले असते, पण डोक्यात चिकटलेलेच राहते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅरिसमध्ये घडले. स्टीव्हन स्परियर हे इंग्रज गृहस्थ तेथे वाइनचे दुकान आणि वाइनचे वर्ग चालवीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती, ते निमित्त साधून 24 मे 1976 रोजी त्यांनी आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी एका हॉटेलात कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रान्सच्या पहिल्या प्रतीच्या वाइनशेजारी झाकून मांडल्या. परीक्षक नऊ, सर्व फ्रेंच आणि सर्व आपल्या क्षेत्रातील अधिकारी: मळ्यांचे मालक, नामांकित उपाहारगृहांचे चालक, वाइनच्या मासिकाच्या संपादिका. दोन्ही देशांच्या वाइन आहेत एवढे त्यांना सांगितले होते. समारंभ इतका किरकोळ समजला गेला की बोलावलेल्या वृत्तपत्रांपैकी एकट्या 'टाइम' साप्ताहिकाचा वार्ताहर, जॉर्ज टेबर, तेथे आला. त्याच्या हाती क्रमांकांची यादी होती, त्यामुळे परीक्षक काय बोलत आहेत आणि पेल्यात खरोखर काय आहे, हे दोन्ही त्याला एकाच वेळी कळत होते. पांढऱ्या वाइनच्या फेरीत कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन एक परीक्षक आता फ्रान्सला परतलो म्हणून सुखावले, आणि बर्गंडीच्या एका मातबर वाइनला वास नाही, सबब ती कॅलिफोर्नियाचीच, असा निर्णय दुसऱ्याने दिला. या दोघांची जीभ वाईट होती असे मुळीच नाही. विचारले होते गुण किती, आणि ते उत्तर देत होते गाव कोणते.

पांढऱ्यांत कॅलिफोर्नियाची 'शातो मॉन्टेलेना' पहिली आली आणि हा निकाल तांबड्यांची फेरी सुरू होण्यापूर्वीच जाहीर झाला. त्यानंतर परीक्षक सावध झाले नसतील असे मानणे मनुष्यस्वभावाला सोडून होईल. तांबड्या दहा: सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बोर्दोच्या. बोर्दोच्या चौघींत 'मूतों-रोथशील्ड' होती. 1855 च्या वर्गवारीत ती दुसऱ्या श्रेणीत पडली होती आणि 1973 साली तिला पहिल्या श्रेणीत घेण्यात आले. 118 वर्षांनी मिळालेली ही बढती कोणत्याही सरकारी कचेरीच्या ज्येष्ठताक्रमाला लाजवील. इतकी प्रतीक्षा केलेल्या त्या कुलीन वाइनला मागे टाकून पहिली आली ती 'स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स'ची 1973 ची कॅबर्ने. तिचे कर्ते वॉरेन विनियार्स्की पूर्वी शिकागो विद्यापीठात अध्यापन करीत, आणि ज्या वेलींची ती द्राक्षे होती त्या 1970 साली लावलेल्या होत्या. तिच्या पाठोपाठच्या तीन जागा मात्र बोर्दोनेच घेतल्या, ही गोष्ट अमेरिकन लेखक हळू आवाजात सांगतात. पहिल्या काही जणींतले अंतरही फारच थोड्या गुणांचे होते. दोन परीक्षकांनी त्या दिवशी दुपारचे जेवण लवकर घेतले असते तरी क्रम बदलला असता. निकाल ऐकल्यावर एका परीक्षकाने आपली गुणपत्रिका परत मागितली. ती देण्यात आली नाही.

कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणी गोड बोलतात, पण म्हातारपणी टिकत नाहीत, असा पुढे आक्षेप निघाला. तीस वर्षांनी, 2006 साली, त्याच तांबड्या वाइन लंडन आणि नापा या दोन ठिकाणी पुन्हा झाकून चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाला मिळाल्या, आणि पहिली आली ती 1976 मध्ये पाचवी ठरलेली 'रिज मॉन्टे बेलो'. आक्षेपाचे उत्तर मिळाले हे खरे, पण त्याबरोबर पहिल्या निकालाचा क्रमही मोडला.

आवडीचा निर्णय असा का हलतो, याचा छडा रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी लावला. त्यांची स्वतःची छोटी वाइनरी होती आणि एका स्पर्धेत सुवर्णपदक घेणारी वाइन दुसऱ्या स्पर्धेत रिकाम्या हाताने का परतते, हे कोडे त्यांना पडले होते. कॅलिफोर्नियाच्या राज्यजत्रेतील परीक्षकांना त्यांनी 2005 पासून एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीन वेळा दिली. तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या पातळीत ठेवणारे परीक्षक सुमारे दहा टक्के निघाले. हे धंदेवाईक, अनुभवी लोक होते. तेव्हा मित्राने एकच वाइन दुसऱ्या व पाचव्या क्रमांकाखाली लपवली आणि जाणकाराने एकीला आठ व दुसरीला पाच गुण दिले, तर त्याची थट्टा करण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

ओळखीचीही एक खोड आहे. नाकाच्या आधी डोळा ओळखतो. बोर्दो येथे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन आणि तीच वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून ठेवली. रंगवलेल्या पेल्याचे वर्णन करताना त्यांनी तांबड्या वाइनच्याच वासांची नावे वापरली. यावरून वाइनचे सारे शास्त्रच थोतांड, असा निष्कर्ष काही लोक आनंदाने काढतात. तो उतावीळ आहे. डोळा आणि नाक यांची साक्ष मेंदू एकत्र ऐकतो, एवढेच त्यातून निघते. हिरवा रंग दिलेला आमरस पुढे आला तर आपलेही नाक गोंधळेल.

शिवाय ओळख शिकता येते, याला भक्कम पुरावा आहे. लंडनमध्ये 1953 पासून 'मास्टर ऑफ वाइन' ही परीक्षा घेतली जाते. तिच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकी बारा झाकलेल्या वाइनच्या तीन पत्रिका असतात आणि उमेदवाराला द्राक्ष, प्रदेश, करण्याची पद्धत आणि दर्जा सकारण लिहावा लागतो. उमेदवार नापास होण्याचे प्रमाण मोठे आहे, पण पास होणारे असतात. 2016 साली मुंबईच्या सोनल हॉलंड ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. या परीक्षेत नुसत्या नावाला किंमत नसते. तुरटपणा अमुक, आंबटपणा तमुक, म्हणून प्रदेश थंड, म्हणून द्राक्ष हे, अशी साखळी मांडावी लागते, आणि नाव चुकले तरी साखळी नीट असल्यास गुण मिळतात. मित्रमंडळीत ही साखळी कोणी विचारत नाही. तेथे नाव बरोबर आले की टाळ्या, चुकले की हशा.

उरला किमतीचा प्रश्न, आणि पैसे यजमानाचे गेलेले असल्यामुळे तो त्याला सर्वांत जवळचा. 2008 साली अमेरिकेत सहा हजारांहून अधिक झाकल्या चाखण्यांची नोंद एकत्र करून पाहिली, तेव्हा सामान्य लोकांना महाग वाइन अधिक आवडते असे आढळले नाही, उलट किंचित कमीच आवडते असे दिसले. ज्यांनी वाइनचे शिक्षण घेतले होते त्यांच्या बाबतीत चित्र वेगळे होते. त्यांची आवड किमतीच्या दिशेने थोडी झुकल्याची चिन्हे मिळाली. म्हणजे महाग वाइनमध्ये काहीतरी असते, पण ते ऐकण्यासाठी कान तयार करावा लागतो. ख्यालाच्या बैठकीत पहिल्यांदाच आलेल्या श्रोत्याला ठुमरी अधिक आवडली, तर त्यात ख्यालाचा पराभव नसतो आणि श्रोत्याचा गुन्हाही नसतो.

नाशिकच्या वाइनला या झाकलेल्या बाटल्यांचा विशेष उपयोग आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगावात हा उद्योग 1980 नंतरच्या दशकात सुरू झाला, नाशिकला त्याचा विस्तार 2000 च्या सुमारास झाला, आणि 2001 साली महाराष्ट्र सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. इतक्या तरुण उद्योगाच्या बाटलीवर नाशिकचे नाव दिसताच चोखंदळ पाहुणा आधीच दोन गुण कापतो, आणि अभिमानी पाहुणा तितकेच वाढवतो. दोघांपासूनही तिचे रक्षण जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद करू शकतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना घेण्याची तरतूद अद्याप आहेच. त्या परवान्याच्या अर्जात चव कळते काय, असा रकाना नाही, हे कायदा करणाऱ्यांचे शहाणपणच म्हटले पाहिजे.

मित्रांना खेळ खेळावयाचाच असेल तर दोन प्रश्न दोन फेऱ्यांत विचारावेत. पहिल्या फेरीत नावांची यादी कोणाला देऊच नये, फक्त आवडीचा क्रम मागावा आणि कागद काढून घ्यावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येकापुढे तीन पेले ठेवावेत, दोन एका वाइनचे, एक दुसरीचा, आणि वेगळा कोणता एवढेच विचारावे. अंदाजाने बरोबर येण्याचा संभव तिनांत एक, म्हणून एकदा जमल्याने काही सिद्ध होत नाही. पाच वेळा लागोपाठ जमले तर मात्र 243 मध्ये एक इतका तो योगायोग दुर्मिळ होतो. पुष्कळदा असे घडते की जाणकार ही फेरी सहज पार करतो. सहा नावांत त्याची फजिती झालेली असते, पण दोन वाइनमधला भेद त्याला इतरांहून खरोखरच चांगला कळतो, आणि मित्रांनी इतकी वर्षे त्याच्या शब्दावर खर्चलेले पैसे अगदीच वाया गेले नाहीत असे दिसून येते.

कागद सोडण्याचे काम जेवण सुरू झाल्यावर करावे. तुरटपणा देणारी द्रव्ये एरवी लाळेतील प्रथिनांना धरतात, म्हणून तोंड कोरडे पडते. मटण किंवा चीज तोंडात असले की त्यांतील प्रथिने आणि स्निग्धता मध्ये येते आणि तीच वाइन मऊ लागू लागते. त्यामुळे नुसती चाखताना शेवटचा क्रमांक मिळालेली तुरट बाटली जेवणात पहिल्याने रिकामी होते, आणि सर्वांना प्रथम आवडलेली गोडसर वाइन टेबलावर अर्धी शिल्लक राहते. यजमानाने पुढच्या वेळच्या खरेदीसाठी ही नोंदही करून ठेवावी.